धाकट्या बहिणीची माहितीपुस्तिका

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त, असे लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्या डोक्याशी उभे राहून कोणी मजकूर सांगत नाही. कोणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून भुलवलेलेही नाही; गोड बोलणारी माणसे या घराकडे फिरकत नाहीत. काल आमच्या डॉक्टरांनी मला तपासून तसा दाखला दिला. ‘आज वार कोणता?’ असे त्यांनी मला विचारले आणि माझे उत्तर बरोबर आहे की नाही ते स्वतःच्या फोनवर पाहिले. दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांना दाखला कोणी द्यायचा, हे मी विचारले नाही, कारण वाद घालायला आता दम पुरत नाही.

दम पुरत नाही हे शब्दशः खरे आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. शस्त्रक्रियेला मी नको म्हटले. मरणाची मला फारशी धास्ती नाही; इतकी वर्षे रांगेत उभी राहिल्यावर कोणत्याही खिडकीशी नंबर लागला तरी बरेच वाटते. धास्ती आहे ती माझ्यामागे राहणाऱ्या धाकट्या बहिणीची. ती सहासष्ट वर्षांची आहे. तिला लहानपणापासून फिट येते. आईने जाताना तिचा हात माझ्या हातात दिला, तो मी अजून सोडलेला नाही. म्हणून हे मृत्युपत्र दिसायला घरादाराचे असले तरी खरे तिचे आहे.

कलम १. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी केले असे म्हणणेही जरा जास्तच होईल. वकीलबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी चार प्रश्न विचारून उत्तरे संगणकात घातली आणि समोरचा चहा गार व्हायच्या आत यंत्राने मृत्युपत्र लिहून दिले. भाषा गुळगुळीत होती. त्यात मला एक दिवंगत पती आणि दोन कर्तबगार चिरंजीव मिळाले होते.

“ते नमुन्यातनं आलं असेल, काढून टाकू,” वकीलबाई म्हणाल्या.

“काढा, पण आधी त्यांना विचारा तरी, एवढी वर्षं कुठे होते म्हणून,” मी म्हटले.

बाई हसल्या नाहीत. फी मात्र पूर्ण घेतली. म्हणून हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. चुका असतील तर त्या माझ्या आहेत, नमुन्यातल्या नाहीत.

कलम २. माझा व्यवसाय. घरगुती यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी केली आणि नोकरीभर माहितीपुस्तिका लिहिल्या. मिक्सर, इस्त्री, गॅसची शेगडी, पाणी तापवायचा बंब, कपडे धुण्याचे यंत्र. खोक्याच्या तळाशी जी पातळ पुस्तिका सापडते आणि ड्रॉवरमध्ये टाकून लोक जिला विसरतात, ती माझी. ‘या लेखिका आहेत’ अशी कोणी ओळख करून दिली की समोरचा खूश होई. कशाच्या ते सांगितले की त्याला पलीकडे कोणीतरी ओळखीचे दिसे.

सूचना कशी तयार होते हे लोकांना ठाऊक नसते. आधी अपघात होतो, मग सूचना येते. ‘पाते फिरत असताना भांड्यात हात घालू नये’ हे कोणाला बसल्याबसल्या सुचलेले नसते. कोणाचा तरी हात गेलेला असतो. तक्रार विभागातून ते कागद माझ्या टेबलावर येत, फोटोंसह. मी त्यांचे एका ओळीत वाक्य करी आणि संध्याकाळी घरी येऊन धाकटीची आणखी एक गोष्ट बंद करी. इस्त्रीचा कागद आला, तिची इस्त्री बंद. बंबाचा आला, बंब बंद. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर दुसऱ्यांच्या पोळलेल्या तोंडांचे कागद रोज वाचत होते.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात सर्व पुस्तिकांची एकेक प्रत आहे. ती रास रद्दीत द्यावी. आयुष्यभर पालथ्या घड्यावर पाणी ओतले, त्याचा हा गठ्ठा आहे. कोणी वाचले नाही. लोक आधी यंत्र सुरू करतात, मग बिघडवतात, मग कंपनीला शिव्या देतात, आणि अगदीच काही उरले नाही तर पुस्तिका उघडतात.

कलम ३. आमच्या विभागाचे त्या वेळचे साहेब हयात आहेत. समारंभात भाषणे करतात, केस अजून काळे करतात. त्यांच्यासाठी एक वस्तू ठेवली आहे.

एका मिक्सरच्या पुस्तिकेत मी लिहिले होते: ‘भांडे काढण्यापूर्वी बटण बंद करून प्लगही काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.’ साहेबांनी दुसरे वाक्य कापले. मी केबिनमध्ये जाऊन भांडले.

“अहो, एवढं घाबरवल्यावर कोण विकत घेईल?” ते म्हणाले. “पुस्तिका म्हणजे जाहिरातच असते, फक्त बारीक अक्षरात.”

त्या मिक्सरचे बटण सदोष होते आणि ते कंपनीला ठाऊक होते. एका चित्रकलेच्या शिक्षिकेचा उजवा हात त्यात सापडला. चौकशी झाली आणि अहवालात लिहिले गेले की पुस्तिकेतील सूचना अपुरी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझी बढती थांबली, साहेबांना वरची केबिन मिळाली. त्या बाईंना काय मिळाले ते मला कोणी सांगितले नाही. मी दोनदा पत्र टाकले, उत्तर आले नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिले नसते.

ते कापलेले वाक्य मी माझ्या अक्षरात पुन्हा लिहून पाकिटात घातले आहे. ते साहेबांना पोस्टाने पाठवावे. सोबत काही लिहू नये. मरताना सर्वांना माफ करून जावे अशी पद्धत आहे. मी त्यांना माफ केलेले नाही.

कलम ४. घरातील यंत्रे, आणि त्यांच्याविषयी दोन शब्द, कारण हे मला दुसरीकडे कुठे लिहायला मिळणार नाही.

पूर्वी वस्तू विकत घेतली की ती आपली होई. आता घरी आणली तरी ती कंपनीचीच राहते. आपण तिला फक्त जागा आणि वीज पुरवतो. आमचे कपडे धुण्याचे यंत्र अचानक थांबले. सर्व्हिसवाला आला, पाठ उघडून बघितली, पुन्हा लावली.

“मॅडम, मशीन एकदम ठणठणीत आहे. पण ते इंटरनेटवरनं कंपनीला विचारून चालतं, आणि कंपनीने या मॉडेलकडे बघणं बंद केलंय.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे सगळं चालू आहे, फक्त आता कोणी विचारत नाही.”

“मग आमचं छान जमेल,” मी म्हटले आणि त्याला चहा दिला. ते यंत्र जो कोणी उचलून नेईल त्याचे.

यंत्रांमुळे माणसांची कामे गेली असे सगळे म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. मला निवृत्तीनंतर इतकी कामे लागली की विचारू नये. बँकेतला कारकून करायचा ते काम मी करते, तिकीट खिडकीवरच्या बाईचे मी करते, वीज कंपनीच्या माणसाचे मी करते, आणि पगार कोणी देत नाही. उलट ‘आमची सेवा कशी वाटली?’ असे मलाच विचारतात. ग्राहक हा राजा म्हणे. राजाला कोणी अर्धी दुपार फोनला लटकवून ठेवत नाही.

आमचा विभागही बंद झाला. आता पुस्तिका यंत्रच लिहिते. चांगली लिहिते, व्याकरण चोख असते. पण त्याच्या टेबलावर कोणाच्या हाताचा फोटो कधी आलेला नाही, आणि ते वाचताना कळते. छापील पुस्तिका तर खोक्यातून गेलीच. तिच्या जागी एक काळापांढरा चौकोन आला आणि चौकोनाच्या मागे ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ हे बटण. माझ्या पुस्तिका लोक वाचत नव्हते, पण वाचल्या असे खोटे लिहूनही देत नव्हते. आता अख्खा समाज दिवसातून चार वेळा न वाचलेल्या कागदावर सही करतो आणि मग नवी पिढी खोटे बोलते म्हणून गळा काढतो.

कलम ५. बँकेतील ठेव व निवृत्तिवेतनाची शिल्लक. ही सर्व रक्कम धाकटीच्या औषधपाण्यासाठी व खर्चासाठी ठेवावी. व्यवहार आमच्या दिवंगत भावाच्या मुलाने, म्हणजे भाच्याने पाहावा. बँकेची जवळची शाखा बंद झाली असून ती आता फोनमध्ये आहे. धाकटीकडे फोन नाही, मी दिलेला नाही. फसवणारे फार झाले आहेत.

सरकारविषयी एक नोंद. मी जिवंत आहे असे दर वर्षी सरकारला कळवावे लागते, नाही तर पैसे थांबतात. पूर्वी त्यासाठी खिडकी होती. खिडकी बंद असली की ती बंद आहे हे दिसत तरी असे. या वर्षी नवे यंत्र आले. त्याच्यासमोर बसून डोळे मिचकावायचे. मी मिचकावले. ‘कृपया छायाचित्र दाखवू नका, प्रत्यक्ष व्यक्ती समोर बसवा,’ असे त्याने सांगितले. पुन्हा मिचकावले, पुन्हा तेच. मागची रांग कुरकुरायला लागली.

“आजी, जरा चेहऱ्यावर काहीतरी आणा ना,” टेबलामागचा कारकून म्हणाला. मुलगा बरा होता, पण यंत्राच्या पलीकडे त्याचाही इलाज नव्हता.

तेवढ्यात धाकटीने, जिला मी एका बाजूला गुपचूप बसायला सांगितले होते, येऊन मला दंडाला करकचून चिमटा काढला. मी ओरडले. यंत्रात हिरवा दिवा लागला. तेव्हा कुठे सरकारची खात्री पटली. धाकटी परत जागेवर जाऊन बसली. हा प्रसंग मी तिच्या पोरकटपणाचे उदाहरण म्हणून पुष्कळांना सांगितला आहे.

कलम ६. राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याच्या बाजूची गॅलरी. माझ्या एकटीच्या कमाईतून घेतलेले, कोणाचा एका पैचाही संबंध नाही. हे घर मी भाच्याच्या नावे करते, पुढील अटींवर: धाकटीस तेथे तहहयात राहू द्यावे; दिवसरात्र राहणारी एक बाई पगारावर ठेवावी; आणि माणसाच्या जागी यंत्र ठेवू नये.

शेवटची अट का घातली ते सांगते. भाचा मनाने चांगला आहे. माझ्या दवाखान्याच्या प्रत्येक खेपेला आला आहे. पण तो ज्या कंपनीत आहे तिथे घर सांभाळणारी यंत्रे बनवतात. खोलीत कॅमेरा, पलंगाखाली पट्टी, गोळ्यांच्या डबीला घंटा. म्हातारे माणूस पडले की कुठल्या तरी शहरात कुठल्या तरी पडद्यावर लाल खूण येते.

“आत्या, बाई झोपते, सुट्टी घेते, गावाला जाते,” तो म्हणाला. “कॅमेरा कधी झोपत नाही.”

“डोळे उघडे आहेत म्हणून कोणी जागं असतं असं नाही रे. लाल खूण आली, पुढे काय?”

“मला फोन येईल.”

“आणि तू कुठे असशील?”

“मीटिंगमध्ये,” तो म्हणाला, आणि स्वतःच खाली बघायला लागला. तेवढा तो प्रामाणिक आहे. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा नवा धंदा आहे आणि तो जोरात चालेल, कारण शेळीजवळ बसायला वेळ कोणालाच नाही.

आमच्या इमारतीचेच घ्या. दारावरचा म्हातारा रखवालदार काढला, त्याला महिना द्यायचा जड वाटला. त्याच्या जागी फोनवर विचारून उघडणारे फाटक बसवले. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना झटका आला तेव्हा रुग्णवाहिका फाटकाबाहेर उभी, कारण चालकाची नोंद नव्हती, आणि परवानगीचा संदेश ज्यांच्या फोनवर गेला ते गृहस्थ जिन्यात आडवे. शेवटी इस्त्रीवाल्याने फाटकावरून उडी मारून आतले बटण दाबले. त्यानंतर इमारतीची बैठक झाली. त्यात इस्त्रीवाला आत शिरलाच कसा, यावर चर्चा झाली.

तरीही भाच्याने महिनाभर नमुन्याला म्हणून एक कॅमेरा बाहेरच्या खोलीत बसवून दिला. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, “आत्या, नुसती फुलं दिसतायत.” धाकटीने कॅमेऱ्याला फुलाफुलांचा उशीचा अभ्रा घातला होता. मी रागावले, काढला. तिने परत घातला.

कलम ७. माझ्यानंतर धाकटीला सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी मी सूचना लिहिल्या आहेत. आयुष्यात इतक्या पुस्तिका लिहिल्या, ही सर्वांत काळजीपूर्वक लिहिली. ती या मृत्युपत्राचा भाग समजावी.

गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर द्याव्यात, गिळेपर्यंत समोर उभे राहावे.

गॅस पेटवू देऊ नये. विळी, सुरी, इस्त्री हाताशी ठेवू नये.

एकटीला रस्त्यावर सोडू नये. गॅलरीत कठड्यापासून दूर खुर्ची ठेवावी.

फिट आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, नाव घेऊन हळू बोलत राहावे. शेवटची फिट येऊन बरीच वर्षे झाली आहेत. त्यामुळे गाफील राहू नये.

तिला गर्दी आवडत नाही. तिला अनोळखी माणसे आवडत नाहीत. ती हट्टी आहे. यंत्रांवर कपडे टाकते. रागावून उपयोग होत नाही, पण रागवावे.

तिला विचारले तर ती ‘मला काही नको’ म्हणते. तिला अर्धा कप जास्त चहा हवा असतो.

खाडाखोडीबाबत खुलासा. येथवरचा मजकूर लिहून मी दुपारी जरा आडवी झाले. उठून पाहते तो धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली, पुढ्यात माझे कागद, डोळ्यांवर माझा चष्मा. पेनाचे टोपण काढलेले. कलम ७ तिने एका आडव्या रेघेत खोडले होते. कलम ६ मधल्या अटींवर ती पोचली होती.

“अगं, काय करतेस! मृत्युपत्र आहे ते!”

“ताई, मी मिक्सर आहे का?” तिने मान वर न करता विचारले.

मी म्हटले, असे काय बोलतेस, तुझ्या काळजीपोटीच लिहिले ना सगळे.

“ते कळलं. पण यात मी कुठाय? बाई काय करेल ते आहे, भाचा काय करेल ते आहे, मला कुठे ठेवायचं ते आहे. कठड्यापासून किती लांब ते पण आहे. घर त्याचं, बाई पगाराची, आणि मी मध्ये बसलेली. माझ्याच घरात मी पाहुणी. माझ्याच घरात, बरं का. तू कमावलंस, पण राहिले मी जास्त. तू सकाळी जायचीस ती दिवेलागणीला यायचीस.”

“तुला एकटीला जमणार नाही. तुला गॅस तरी पेटवता येतो का?”

धाकटी उठली. शेगडीपाशी गेली. वास घेतला, खिडकी उघडली, काडी ओढली, बटण दाबून अर्धे वळवले, ज्योत बघितली, बारीक केली, भांडे ठेवले. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

“कधीपासून?”

“तू ऑफिसला जायला लागलीस तेव्हापासून. दुपारचा चहा मी रोज करून प्यायचे. मग तू यायच्या आत शेगडी गार व्हायला पाहिजे म्हणून आधीच बंद करून बसायचे. तू आल्या आल्या हात लावून बघायचीस ना.”

बघायची. तो हात मी रोज लावत असे आणि गार लागला की सुखाने चप्पल काढत असे.

“कोणी शिकवलं तुला?”

“तूच की,” ती म्हणाली. “पुस्तिकेत सगळं लिहिलंय. आधी वास घ्या, मग खिडकी उघडा, मग काडी, मग बटण. मी सगळ्या वाचल्यात तुझ्या. शेगडीची तर पाठ आहे. बंबाची पण. तू घरात जे जे बंद केलंस, ते कसं चालू करायचं ते तूच लिहून आणायचीस. आणि त्या रद्दीत नाही द्यायच्या. ते वाक्य पण मी खोडलंय.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. ज्या वाचकासाठी मी जन्मभर कंठशोष केला तो माझ्याच घरात, माझ्या नजरेआड बसून, माझ्या प्रत्येक सूचनेचे पालन करत होता. मला आनंद झाला की भीती वाटली ते सांगता येत नाही. मी रडले. धाकटीने चहा गाळला, दोन कप, तिचा अर्धा कप जास्त.

मग कळत गेले. मी दुपारची झोपले की ती रोज बाहेर जाते. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे दुपारी बसून त्यांच्या पेशंटांची पोरे खेळवते. भाजी तीच आणत असे, इस्त्रीवाल्याचे नाव सांगून. इस्त्रीवाल्याला ठाऊक होते, डॉक्टरीणबाईंना ठाऊक होते, गेलेल्या रखवालदारालाही ठाऊक होते. सगळ्या रस्त्याला ठाऊक होते.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू पुढचं बंद केलं असतंस,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तेच जास्त लागले.

मी शेवटचा उपाय म्हणून विचारले, “आणि एकटी असताना फिट आली तर?”

“दोनदा आली होती. तू ऑफिसात होतीस. एकदा कोपर फुटलं, तुला दाराचं लागलं म्हणून सांगितलं. येईल परत कदाचित. पडले तर पडेन, ताई. माणूस स्वतःच्या घरात पडतो, उठतो. नाही उठला तर नाही उठला. पण चोवीस तास कोणीतरी माझ्या पडण्याची वाट बघत बसलंय, मग ती बाई असो, कॅमेरा असो नाही तर तू, ते नको. आता पुरे झालं.”

“मग तुला काय हवंय?”

‘मला काही नको’ असे ती म्हणेल, या तयारीने मी विचारले होते.

“घर,” ती म्हणाली. “अटी नकोत. आणि न्हाणीघराच्या दाराला आतून कडी.”

हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून लिहिते: ती बारा वर्षांची असताना तिला अंघोळ करताना फिट आली, दार आतून लावलेले, वडिलांनी खांद्याने फोडले. त्यानंतर आम्ही जिथे जिथे राहिलो तिथे पहिल्याच दिवशी मी स्क्रू काढून ती कडी उतरवून ठेवली. सहासष्ट वर्षांची बाई अंघोळीला जाते तेव्हा मी दर थोड्या वेळाने हाक मारते आणि ती आतून ‘ओ’ देते. ‘ओ’ यायला उशीर झाला तर मी दार ढकलते. अजून.

मी पुष्कळ समजावले. ती ऐकत राहिली. मग कप विसळून पालथा घातला आणि म्हणाली, “तू गेल्यावर लावूनच घेणार आहे. पण तू असताना लावलीस तर मला बरं वाटेल.”



कलम ८. सबब, वरील कलम ५ मधील भाच्याची देखरेख, कलम ६ मधील भाच्याला दिलेले घर व सर्व अटी, कलम ७ संपूर्ण, तसेच पुस्तिका रद्दीत देण्याबाबतचा मजकूर, रद्द. प्रत्येक खोडलेल्या जागी मी सही केली आहे. राहते घर, बँकेतील ठेव व शिल्लक धाकटीच्या एकटीच्या नावे, पूर्ण मालकी हक्काने, कोणत्याही देखरेखीशिवाय. बाई ठेवायची की नाही, कॅमेरा लावायचा की त्याला अभ्रा घालायचा, पुढे घर कोणाला द्यायचे, हे तिने ठरवावे. तिला फोन मी उद्या घेऊन देते. फसली तर फसेल. शिकलेसवरलेले रोज फसतात. भाच्याने या मृत्युपत्राची अंमलबजावणी तेवढी करावी. माझे शब्दकोश त्याला. त्याने मनाला लावून घेऊ नये, त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “लहान आत्याला सांग, अभ्रा छान होता.”

या कागदात सूचना लिहिण्याची माझी सवय कुठे डोकावली असल्यास तिकडे दुर्लक्ष करावे. मला अजूनही भीती वाटते. ती भीती माझी आहे आणि ती मी कोणाच्याही नावे करत नाही.

साक्षांकन. हा मजकूर मी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. साक्षीदार क्रमांक एक, कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. साक्षीदार क्रमांक दोन, सुतारकाका, हे कामानिमित्त घरी आलेले होते. त्यांनी हातावरचा भुसा पुसून सही केली. जिला घर मिळते तिची साक्ष चालत नाही असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणून सह्यांच्या वेळी धाकटी खोलीत नव्हती. ती न्हाणीघरात होती. नवी कडी आतून लावलेली होती. पाण्याचा आवाज येत होता, मध्येच थांबला. साक्षीदारांनी माझ्याकडे पाहिले. मी हाक मारली नाही.

लिहून देणार: सही, मोठी बहीण

साक्षीदार: १. सही, दातांच्या डॉक्टर. २. सही, सुतार

स्थळ: धाकटीचे घर

दिनांक: १४ फेब्रुवारी, सकाळी